फॉर्मवर धर्म विचारतात आणि मग पगारातून टॅक्स कापतात: जर्मनीचं हे काय प्रकरण आहे?

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून नर्सिंगवाले, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, हॉटेल मॅनेजमेंटवाले सगळेच जर्मनीची चौकशी करतायत. व्हिसा, भाषा, घरभाडं एवढं विचारून झालं की एक प्रश्न हमखास येतो. तिथे पोचल्यावर पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे काय भरायचं? आणि भलतंच काही भरलं तर पगारातून पैसे कापतात म्हणे, हे खरं का?

खरं आहे. आणि हा एवढासा रकाना नीट समजला ना, की धर्म आणि सरकार हे गणित वेगवेगळ्या देशांत इतकं वेगळं का दिसतं तेही बऱ्यापैकी लक्षात येतं. आपण सहसा विचारतो की अमुक देशातले लोक किती धार्मिक आहेत. माझ्या मते तो प्रश्न तितका कामाचा नाही. गरिबांसाठीचा पैसा पूर्वी कोणाकडे जमा व्हायचा, आणि आधुनिक सरकार आलं तेव्हा त्या पैशाचं काय झालं, हे विचारलं की बरंच काही उलगडतं.

आधी हिशोब बघून घेऊ

रकान्यात रोमन कॅथलिक किंवा तिथलं मुख्य प्रोटेस्टंट चर्च लिहिलं की तुम्हाला चर्च टॅक्स लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ८ टक्के, बाकी सगळीकडे ९ टक्के. ऐकून दचकू नका, हे टक्के पगाराचे नाहीत, तुमच्या इन्कम टॅक्सचे आहेत. समजा महिन्याला ६०० युरो इन्कम टॅक्स कापला जातोय, तर श्टुटगार्टमध्ये (हे बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये येतं) वर ४८ युरो आणि बर्लिनमध्ये ५४ युरो. कंपनी पगारातूनच कापते, ते पैसे सरकारच्या टॅक्स ऑफिसकडे जातात, ऑफिस वसुलीचा मोबदला म्हणून थोडा हिस्सा ठेवून घेतं आणि बाकीचे चर्चला देतं. दोन्ही मोठ्या चर्चना मिळून वर्षाला १२ अब्ज युरोच्या आसपास मिळतात.

हिंदू, बौद्ध, जैन, मुस्लिम यांना शून्य. ज्यू समाजाच्या संस्था बऱ्याच राज्यांत असा टॅक्स घेतात. मुस्लिमांचा का नाही, तर टॅक्स लावायचा हक्क मिळवायला सरकारदरबारी एका विशिष्ट दर्जाची संस्था लागते, तिची ठरलेली सभासद यादी लागते, आणि बहुतेक मशिदी तिथे साध्या रजिस्टर्ड मंडळासारख्या चालतात. अहमदिया जमात या मुस्लिम पंथाच्या संस्थेला हेसे राज्यात २०१३ मध्ये तो दर्जा मिळाला, पण तो अपवादच.

म्हणजे आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेकांना काळजीचं कारण नाही. वसईचे, गोव्याचे कॅथलिक मात्र यात येतात, आणि त्यांच्यात मग गुपचूप सल्ले फिरतात की 'काही नाही' असं लिहून टाक. नियमाने बघितलं तर बाप्तिस्मा झालेला आणि जर्मनीत राहायला आलेला माणूस सभासदच धरला जातो, मग तो बाप्तिस्मा वसईत झालेला असला तरी. बायर्न म्युनिककडून खेळलेला इटालियन फुटबॉलर लुका टोनी यात चांगलाच अडकला होता, थकबाकी दहा लाख युरोच्या वर गेली आणि प्रकरण म्युनिकच्या कोर्टात पोचलं. आपल्या पगाराला एवढा आकडा होणार नाही, पण मागची वर्षं धरून नोटीस येऊ शकते.

टॅक्स नको असेल तर चर्चमधून रीतसर बाहेर पडता येतं. गंमत म्हणजे त्यासाठी पाद्रीकडे जावं लागत नाही, बहुतेक राज्यांत कोर्टाच्या किंवा नोंदणी ऑफिसच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवायचा, फी भरायची, सही करायची, झालं. पण २०१२ मध्ये कॅथलिक बिशपांनी स्पष्ट केलं की असा बाहेर पडलेला माणूस कम्युनियन (चर्चमधला पवित्र प्रसाद) घेऊ शकत नाही, बाप्तिस्म्यात कोणाचा गॉडफादर म्हणजे धर्मपिता होऊ शकत नाही, आणि त्याचे चर्चमधले अंत्यविधीही नाकारले जाऊ शकतात. श्रद्धा असलेल्या माणसाला हे साधं नाहीये. तरीही २०२२ या एका वर्षात ५ लाखांहून जास्त लोक कॅथलिक चर्च सोडून गेले. त्यात लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांवरचा राग मोठा होता, नुसते ४८ युरो नव्हेत.

सरकार चर्चचं वसुली ऑफिस का झालं?

यासाठी १८०३ सालात जावं लागतं. नेपोलियनच्या फ्रान्सने ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेचा मुलूख घेतला, तिथले जर्मन राजे-सरदार भरपाई मागायला लागले, आणि भरपाई दिली गेली ती चर्चच्या मालमत्तेतून. मठ, शेतजमिनी, जंगलं, बिशपांची अख्खी संस्थानं राजांच्या ताब्यात गेली. आता त्या जमिनींच्या उत्पन्नावर फक्त चर्च चालत नव्हतं, गावातले गरीब, आजारी, अनाथ यांचाही खर्च निघायचा. जमीन घेतली म्हणजे जबाबदारीही आली, मग राजांनी चर्चला खर्चाला पैसे द्यायचं कबूल केलं. पुढे एकोणिसाव्या शतकात लोकसंख्या वाढली, कारखाने आले, खर्च झेपेना, तेव्हा एकेक राज्य म्हणायला लागलं की आता तुमच्या सभासदांकडूनच घ्या, हवा तर टॅक्स लावायचा अधिकार देतो.

१९१९ च्या वायमार राज्यघटनेने एका बाजूला लिहिलं की देशात सरकारी चर्च असणार नाही, आणि दुसऱ्या बाजूला हा टॅक्सचा अधिकार कायम ठेवला. १९४९ च्या राज्यघटनेने ती कलमं जशीच्या तशी उचलली. त्याच कलमांत रविवारच्या सुट्टीचं संरक्षण आहे, म्हणून तिथे रविवारी दुकानं बंद असतात आणि नवीन गेलेले आपले लोक पहिल्या रविवारी दूध-ब्रेडशिवाय बसतात.

आणि एक भारी गोष्ट. १८०३ च्या जप्तीची भरपाई जर्मनीतली बहुतेक राज्यं चर्चला आजही देतात, सगळ्यांची मिळून वर्षाला ५० कोटी युरोच्या वर. हा पैसा सगळ्यांच्या टॅक्समधून जातो, चर्च टॅक्सपासून तो वेगळा, म्हणजे नास्तिकाचा आणि हिंदूचाही. १९१९ च्या घटनेत लिहिलंय की ही देणी एकदाची चुकती करून बंद करावीत. शंभर वर्षं उलटली, एकरकमी आकडा कोणालाच परवडत नाही, मग चालूच आहे. सरकारी काम म्हणजे सरकारी काम, जर्मनी असो नाहीतर आपला तहसील.

मग चर्चची हॉस्पिटलं या टॅक्सवर चालतात, बरोबर?

चूक. आणि हा गैरसमज खुद्द जर्मन लोकांतही खूप आहे, 'मी चर्च मानत नाही पण टॅक्स भरतो कारण हॉस्पिटलं चालतात ना' असं म्हणणारे भरपूर. चर्च टॅक्सचा मोठा भाग पाद्र्यांचे पगार, इमारती, धार्मिक कामं यात जातो. हॉस्पिटलचा रोजचा खर्च आरोग्य विमा देतो आणि इमारत, यंत्रसामग्री हे राज्य सरकार बघतं. वृद्धाश्रमाला सेवा-विमा (म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा विमा) आणि राहणाऱ्यांचे स्वतःचे पैसे. बालवाडीला नगरपालिका आणि राज्य, चर्च त्यात आपला थोडा वाटा घालतं.

म्हणजे पाटी चर्चची, चालवणार चर्च, पैसा मुख्यतः सगळ्यांचा. आणि आकार किती, तर कॅथलिकांची संस्था कारितास, १८९७ साली स्थापन झालेली, तिथे सुमारे ७ लाख लोक पगारावर काम करतात. प्रोटेस्टंटांची डियाकोनी, जिचं मूळ १८४८ पर्यंत जातं, तिथे ६ लाखांहून जास्त. दोन्ही चर्चचे सभासद मिळून आता देशात निम्म्याहून कमी भरतात, पण देशातल्या बालवाड्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा अजून चर्चचा आहे.

मराठी घरांना हे पहिल्यांदा कळतं ते नोव्हेंबरमध्ये. बालवाडीतून चिठ्ठी येते की ११ नोव्हेंबरच्या सुमारास मुलांनी केलेले कागदी कंदील घेऊन संध्याकाळी मिरवणूक आहे. हा संत मार्टिनचा दिवस. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला या सैनिकाने आपला झगा तलवारीने मधोमध कापून अर्धा दिला अशी कथा. कुठे कुठे घोड्यावर बसून कोणीतरी ती करूनही दाखवतं, आणि आपला चार वर्षांचा आर्यन हातात कंदील घेऊन जर्मन गाणं म्हणत चाललेला असतो आणि आजीला व्हिडिओ कॉल लागलेला असतो. त्या बालवाडीचा बहुतेक खर्च नगरपालिका करते.

पण हे सरकारने स्वतः का नाही चालवलं?

इथे एकच जड शब्द, मग परत वापरत नाही: सब्सिडिॲरिटी. कॅथलिक विचारातलं हे तत्त्व, पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या पत्रात ते ठळकपणे मांडलं. आपल्या सोसायटीचं उदाहरण घ्या. तुमच्या बाथरूमचा नळ गळतोय तर तुम्ही प्लंबर बोलावता. गच्ची गळतेय तर सोसायटी. रस्त्याखालची पाइपलाइन फुटली तर महापालिका. नळासाठी महापालिकेने घरात घुसू नये, आणि पाइपलाइन तुमच्यावर ढकलू नये. तसंच, जे काम कुटुंब, गाव, चर्च, संस्था करू शकतात ते त्यांना करू द्यावं, सरकारने लागेल तिथे पैसा आणि आधार द्यावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचं सरकार होतं, आडेनाउअर चान्सेलर म्हणजे सरकारप्रमुख होते, आणि नाझी राजवटीत सगळं सरकारच्या मुठीत गेल्यावर काय होतं ते लोकांनी ताजंताजं भोगलं होतं. १९६१ च्या सामाजिक मदतीच्या कायद्यात हे तत्त्व उतरलं: स्वयंसेवी संस्था काम करायला तयार असेल तर नगरपालिकेने आपलं नवीन केंद्र काढू नये, संस्थेला मदत करावी. काही नगरपालिका कोर्टात गेल्या, १९६७ मध्ये घटनात्मक कोर्टाने कायदा उचलून धरला.

आणि हे फक्त चर्चपुरतं नाहीये बरं का. समाजवाद्यांनी १९१९ मध्ये काढलेली कामगारांची कल्याण संस्था, ज्यूंची संस्था, रेडक्रॉस, सगळे याच रांगेत आहेत. चर्चच्या तत्त्वाचा फायदा चर्च न मानणाऱ्यांनाही झाला, हे मला या सगळ्यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

चर्चच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तर धर्म आड येतो का?

नर्सिंगला जाणाऱ्यांचा हा खरा प्रश्न. आज तरी बहुतेक ठिकाणी नाही. नर्सेसचा तुटवडा इतका आहे की हिंदू, मुस्लिम, कोणीही चालतं. फक्त संस्थेच्या मूल्यांचा आदर ठेवा एवढी अपेक्षा असते. उलट कॅथलिक असून जर्मनीत चर्च सोडलं असेल तर अडचण येऊ शकते, हा उलटा न्याय.

पूर्वी मात्र फार कडक होतं. एका कॅथलिक हॉस्पिटलने आपल्या प्रमुख डॉक्टरला काढलं होतं, कारण काय तर घटस्फोटानंतर त्याने दुसरं लग्न केलं. खटला वर्षानुवर्षं चालला, युरोपियन कोर्टापर्यंत गेला, आणि २०१९ मध्ये डॉक्टर जिंकला. लग्नाचा आणि ऑपरेशनचा काय संबंध असा साधा प्रश्न होता. २०२२ मध्ये कॅथलिक चर्चने नोकरीचे नियमच बदलले, खासगी आयुष्य आता नोकरीच्या आड येत नाही.

पेशंटच्या बाजूनेही प्रश्न आहेत. २०१२ च्या शेवटी कोलोनमध्ये बलात्कार झालेल्या तरुणीला दोन कॅथलिक हॉस्पिटलांनी तपासायला नकार दिला, कारण तपासणीबरोबर गर्भनिरोधक गोळीचा विषय आला असता. देशभर संताप झाला, तिथल्या कार्डिनलनी (कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू) माफी मागितली, गोळीबद्दलची भूमिकाही बदलली. पण आजूबाजूला एकच हॉस्पिटल आहे आणि ते चर्चचं आहे, तिथे गर्भपात होत नाही, ही तक्रार अजून मिटलेली नाही. संस्था निवडायचं स्वातंत्र्य आहे असं म्हणायला दुसरी संस्था जवळपास असावी लागते ना.

स्वीडन, डेन्मार्कमध्ये तर कोणी चर्चला जात नाही, तिथे धर्म कुठून आला?

तिथे धर्म सरकारच्या आत मुरलाय, म्हणून दिसत नाही.

परत मागे जाऊ. १५२३ साली सॅक्सनीतल्या लाइस्निग नावाच्या गावाने प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरच्या सल्ल्याने एक पेटी केली. चर्चचं सगळं उत्पन्न, दानधर्म त्या पेटीत, आणि त्यातून पाद्रीचा पगार, शाळा, अनाथ, म्हातारे, अडलेल्यांना कर्ज. पेटीला चार कुलुपं, चार वेगळ्या किल्ल्या: एक सरदारांकडे, एक नगरपरिषदेकडे, एक गावकऱ्यांकडे, एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघं हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. भीक मागणं बंद, भिक्षू साधूंनाही नाही. दान करून पुण्य मिळतं, स्वर्ग मिळतो, हे लूथरला मान्यच नव्हतं, त्यामुळे गरिबाला मदत करणं हे दात्याच्या पुण्याचं काम न राहता गावाच्या कारभाराचा भाग झालं.

उत्तरेकडच्या राजांनी हाच पंथ घेतला. डेन्मार्कच्या राजाने १५३६ मध्ये चर्चच ताब्यात घेतलं. त्यामुळे जर्मनीसारखं कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट विरुद्ध सरकार अशी ओढाताण तिथे झालीच नाही. स्वीडनमध्ये गरिबांच्या मदतीचं काम १८६२ पर्यंत पॅरिशकडे म्हणजे गावपातळीवरच्या चर्चकडे होतं, मग तेच काम नव्या नगरपालिकांकडे गेलं आणि त्यांच्या हद्दीही बऱ्याचशा पॅरिशच्याच हद्दी होत्या. जन्ममृत्यूची नोंद तर चर्च १९९१ पर्यंत ठेवत होतं! २००० साली चर्च आणि सरकार वेगळे झाले. तरी आज गोथेनबर्गमध्ये आयटीत काम करणाऱ्या मराठी माणसाच्या टॅक्सच्या हिशोबात अंत्यसंस्काराच्या फीची एक छोटी ओळ असते, सगळ्यांनाच भरावी लागते, आणि दोन नगरपालिका सोडल्या तर देशभर ते काम स्वीडनचं चर्च बघतं, अगदी इतर धर्मीयांच्या दफनाच्या जागेची व्यवस्थासुद्धा.

मुस्लिम देशांत झकात असते, तीही सरकार घेतं का?

देशागणिक वेगळं. झकात म्हणजे ऐपत असलेल्या मुस्लिमाने बचतीचा साधारण अडीच टक्के भाग दरवर्षी द्यायचा, आणि तो कोणाला द्यायचा याचे आठ गट कुराणातच ठरलेले आहेत.

पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांनी १९८० मध्ये ती सक्तीची केली. रमझानच्या पहिल्या दिवशी बँका बचत खात्यातून अडीच टक्के कापणार, खात्यात ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढे पैसे असले की झालं. शिया समाज लगेच रस्त्यावर उतरला, कारण त्यांच्या शिकवणीत झकातीचे नियम वेगळे आणि ती सरकारने कापावी हे मान्य नाही. इस्लामाबादला मोठं आंदोलन झालं आणि सरकारला सूट द्यावी लागली. पुढे कोर्टाच्या निकालानंतर सुन्नींनाही लिहून देऊन सूट घेता यायला लागली. आणि लोक काय करतात, रमझान यायच्या आधी पैसे काढून घेतात, ईदनंतर परत भरतात. यातले बरेच जण झकात देतच नाहीत असं नाही, स्वतःच्या हाताने ओळखीच्या गरिबाला देतात, फक्त सरकारवर विश्वास नाही. शेवटी २००८ मध्ये पाकिस्तानने माजी पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांच्या नावाने गरीब बायकांना थेट पैसे द्यायची योजना काढली, बजेटमधून, धर्माची अट न घालता, आणि आज तीच मुख्य आधार आहे.

मलेशियाने शहाणपणा केला. झकात भरल्याची पावती दाखवा, तेवढी रक्कम थेट तुमच्या इन्कम टॅक्समधून वजा. तीन हजार रिंगिट (तिथलं चलन) टॅक्स होता, तीन हजार झकात भरली, टॅक्स शून्य. साहजिकच लोक झकात आनंदाने भरतात. पण यालाही आक्षेप आहे आणि तो रास्त आहे: मुस्लिमाचा टॅक्स झकातीत वळता होतो आणि ती मुख्यतः मुस्लिमांवरच खर्च होते, तर बिगरमुस्लिम मलेशियन आपल्या दानावर अशी पूर्ण वजावट मागू शकत नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे जर्मनीसारखा टॅक्स लावताच येणार नाही. घटनेचं कलम २७ म्हणतं की विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी वापरल्या जाणाऱ्या टॅक्सची सक्ती कोणावर करता येत नाही. पण म्हणून सरकार लांब आहे असं मुळीच नाही, फक्त प्रवाह उलटा आहे. तिथे सरकार पैसे गोळा करून चर्चला देतं आणि कारभारात नाक खुपसत नाही. इथे भक्त थेट दानपेटीत टाकतात आणि सरकार कारभाराला माणसं नेमतं. पंढरपूरसाठी १९७३ चा कायदा, सिद्धिविनायकासाठी १९८० चा, शिर्डीसाठी २००४ चा. मंदिरांच्याच बाबतीत असं का हा प्रश्न विचारणारे आहेत, आणि बडव्यांच्या काळातलं पंढरपूर आठवून बरं झालं म्हणणारेही आहेत. मी दुसऱ्या गटात, पण सरकार बदललं की विश्वस्त बदलतात हे काही चांगलं लक्षण नाही.

आणि जर्मनीच्या जवळ जाणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे, ती फार कमी लोकांना माहीत असते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात ४१ एए नावाचं कलम आहे. ट्रस्टने चालवलेल्या हॉस्पिटलांना, मग ट्रस्ट धार्मिक असो नाहीतर नसो, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा निधी असतो. अंमलबजावणीबद्दल बोंब आहे, अॅडमिशनच्या काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. त्यामुळे घरात कोणाला मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलात न्यायची वेळ आली तर रेशन कार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला बरोबर ठेवा, तिथल्या सोशल वर्करला गाठून थेट 'धर्मादाय खाट' म्हणून मागा, आणि टाळाटाळ केली तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात लेखी तक्रार द्या.